ओवाळणीचा युरिया

७ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

कारखान्याने जानेवारीत प्रत्येकाला एकेक डायरी दिली होती. वर म्हशीचं चित्र, आत दूध पावडरच्या जाहिराती. नऊ महिने ती कपाटात पडून होती. आज काढली, कारण आज जे झालं ते लिहायला लॉगबुकात रकाना नाही. लॉगबुक वाफेचं प्रेशर विचारतं, पाण्याची पातळी विचारतं, किती ब्रिकेट जाळल्या ते विचारतं. बॉयलर अटेंडंट बन्सी आज चक्रावला, हे कुठे लिहायचं?

झालं असं. मागच्या महिन्यात प्रदूषण मंडळाची माणसं चिमणीला नळी लावून गेली होती, त्याचा कागद आज आला. धूळ पास, बाकी सगळं पास, एका विषयात नापास. नायट्रोजनचे ऑक्साइड, सगळे त्याला नॉक्स म्हणतात. आमच्या परवान्यात तीनशे लिहिलंय आणि निघालं तीनशे चाळीस. आमचे मॅनेजर वाबळे साहेब कागद नाचवत म्हणाले, "बन्सी, काय निघतंय तुझ्या चिमणीतून?"

मी खिडकीतून बोट दाखवलं. "काय निघतंय साहेब? दिसतंय का काही?"

दिसत नव्हतं. चिमणीच्या वर निळंभोर आभाळ. बावीस वर्षं मी आग सांभाळतोय आणि सुप्याच्या एमआयडीसीत माझ्याइतकी स्वच्छ चिमणी कुणाची नाही, हे मी नाही, लोक म्हणतात. धूर म्हणजे अर्धवट जळालेलं इंधन. धूर नाही म्हणजे सगळं जळालं, म्हणजे आगीचं काम चोख. आता हा कागद म्हणतो की जे दिसत नाही तेच वाईट आहे.

खरी गोष्ट साहेबांनी पुढे सांगितली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत तपासणी आहे. तेव्हाही नापास झालो तर ब्रिकेट बंद आणि गॅसचा बॉयलर.

ब्रिकेट येतात बेलापूरहून. उसाचं पाचट आणि सोयाबीनचा भुसा मशीनमध्ये दाबून केलेल्या जाडजूड कांड्या. करते माझी धाकटी बहीण पुष्पावती आणि तिच्या बचत गटातल्या आठ बायका. दोन वर्षांपूर्वी माझ्याच शब्दावर साहेबांनी माल घ्यायला सुरुवात केली. आमच्याशिवाय त्यांना दुसरं गिऱ्हाईक नाही. आम्ही बंद म्हणजे पुष्पाची शेड बंद. तिला अजून फोन केलेला नाही.


९ ऑक्टोबर, गुरुवार

नाझनीनकडे गेलो. आमच्या लॅबमधली केमिस्ट, नगरची पोर, दुधातलं फॅट मोजता मोजता चिमणीचंही काम तिच्या गळ्यात पडलंय. तिने माझ्या लॉगबुकाच्या मागच्या पानावर आग काढली. चित्र काही बरं नव्हतं, पण समजावते चांगलं.

"काका, हवेत पाचातले चार भाग नायट्रोजनच असतो. पण तो हट्टी. तेराशे-चौदाशे अंशांपुढे गेल्याशिवाय ऑक्सिजनशी जुळत नाही. आपली आग तेवढी तापत नाही. म्हणजे आपला बहुतेक नॉक्स इंधनातल्या नायट्रोजनपासून होतो."

"पाचटात नायट्रोजन?"

"पिकाने जमिनीतून घेतलेलं नत्रच ते. पाचट तापलं की आधी त्यातून वायू सुटतात. त्यांच्याबरोबर थोडं नत्र अमोनिया होऊन बाहेर पडतं. गोठ्यात सकाळी नाकाला झोंबतो ना, तोच. त्याला तिथल्या तिथे भरपूर हवा मिळाली की झाला नॉक्स. हवा कमी मिळाली की तेच नत्र आपसात जुळून साधा नायट्रोजन होतं, निरुपद्रवी. उरलेलं निखाऱ्यात राहतं आणि सावकाश जळतं."

मी हो हो केलं आणि बाहेर येऊन अल्लाबक्षजवळ बसलो. अल्लाबक्ष म्हणजे माझा जोडीदार, तोंडाला फडकं बांधून बॉयलरमध्ये इंधन टाकतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजी ज्या नत्रासाठी आपुन कृषी केंद्राफुडं रांगा लावतो, त्येच नत्र वर गेलं का गुन्हा?"

मलाही तेच कळत नाही. नत्र म्हणजे युरिया. युरिया दिला की कांद्याची पात काळीभोर होते. तेच चिमणीतून निघालं तर विष कसं?


१३ ऑक्टोबर, सोमवार

आज नाझनीनच्या सांगण्यावरून, इंधन जळतं त्या जाळीखालची हवा कमी करून बघितली. खालचा पंखा निम्म्यावर आणला. तिच्या हातात भाड्याने आणलेला मीटर होता. आकडा उतरायला लागला. तीनशे वीस, तीनशे, दोनशे नव्वद! ती टाळ्या पिटायच्या बेतात होती, तेवढ्यात शेजारच्या कारखान्याचा वॉचमन धावत आला, "आग लागली का वो?"

बाहेर येऊन बघतो तर माझ्या चिमणीतून काळाकुट्ट लोट. बावीस वर्षांत असा धूर मी बघितला नव्हता. मान खाली गेली. अल्लाबक्ष म्हणाला, "बन्सीभाऊ, चूल फुकायची सोडून दाबाया लागला व्हय?" साहेबांचा फोन आला. नाझनीन म्हणाली कार्बन मोनॉक्साइड फार वाढला, हवा पूर्ववत करा. केली. धूर गेला आणि आकडा परत तीनशे चाळीसच्या वर.

म्हणजे घाण जाळलं तर पास, स्वच्छ जाळलं तर नापास. माझ्या गुरूने मला उलटं शिकवलं होतं.

ती म्हणते मधला मार्ग आहे. खाली हवा कमी द्यायची, म्हणजे सुटलेलं नत्र उपाशी राहून आपसात जुळेल, आणि वरून नोझलने हवा देऊन धूर जाळून टाकायचा. नोझल करून बसवायला महिना लागेल. एका आगीला दोन ठिकाणी हवा! मला पटलेलं नाही.


१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पाण्याचा रिपोर्ट द्यायला साहेबांच्या केबिनमध्ये गेलो तर पुण्याचा एक माणूस लॅपटॉप उघडून बसलेला. काहीतरी यंत्रणा विकायला आला होता. मी कागद ठेवत होतो आणि कानावर पडलं, "युरिया वापरायचा सर. नॉक्स निम्म्यावर येतो, गॅरंटी."

मी थबकलो. युरिया? साहेबांनी माझ्याकडे बघितलं, "काय रे?" मी काही नाही म्हणून बाहेर आलो. दाराशी अजून थोडं ऐकू आलं, फवारा, पंप, टाकी, असं. साहेब म्हणत होते, या वर्षी नाही जमणार, पुढच्या वर्षी बघू.

डोकं भणभणतंय. एकीकडे नत्रामुळे नॉक्स होतो म्हणे, दुसरीकडे युरियाने कमी होतो म्हणे. पण तसं बघितलं तर काट्याने काटा काढतातच. विंचवाच्या विषावर विषाचंच औषध देतात.

नाझनीनला विचारावं तर ती दिवाळीच्या सुट्टीवर गेली. आणि खरं लिहायचं तर रोज उठून पोरीच्या वयाच्या मुलीला आगीबद्दल विचारायची आता मला लाज वाटते.


२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

माल उतरवून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोत बसून बेलापूरला आलो. सोबत माझ्या कांद्यासाठी घेतलेल्या युरियाच्या दोन गोण्या.

पुष्पाने ओवाळलं. मी ताटात नोट ठेवली तर म्हणाली, "नोट ठिव बाजूला. दादा, शेड ऱ्हातीय का जातीय, त्येवढं सांग." तिला एव्हाना सगळं कळलं होतं.

मी म्हणालो, "ऱ्हाईल. ओवाळणीत तुला औषध आणलंय."

आणि तिला समजावलं. पुण्याच्या माणसाची यंत्रणा युरिया आगीत फवारते. ती महाग. पण मीठ भाकरीवर भुरभुरण्यापेक्षा पिठातच घातलेलं बरं, प्रत्येक घासाला लागतं. तसा युरिया ब्रिकेटमध्येच घालायचा. एका गाडीला एक गोणी, पाचटात नीट कालवून. यंत्रणा नको, पंप नको. सांगता सांगता मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं.

पुष्पाने विचारलं, "सायबाला सांगितलंस?"

"आकडा उतरल्यावर सांगू. शेतीचा युरिया कारखान्याला वापरायला मनाई हाय. आत्ताच बोंबाबोंब नको."

तिने ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "तू म्हनतुयस म्हंजी झालं." बायकांना बोलावून सांगितलं, "आमचा दादा बावीस वर्सं आग सांभाळतोय." भागूबाई, त्यांच्यातली सगळ्यात वडील, मशीनवर बसते ती, म्हणाली, "आमच्या घरी उसाला आनलेल्या दोन गोन्या हायेत, त्या बी आनते." बाकीच्याही आपापल्या घरचा आणणार आहेत. रात्रीचं जेवण पुष्पाच्या हातचं, पुरणपोळी आणि वर लोणकढं तूप. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.


३० ऑक्टोबर, गुरुवार

युरियावाली तिसरी गाडी जळतेय. नाझनीन सुट्टीवरून आली, मीटर लावला. चारशे तीस.

परत लावायला सांगितला. चारशे छत्तीस.

मीटर बिघडला असणार. भाड्याचा बैल आणि भाड्याचा मीटर, दोन्हींचा भरवसा नाही. नाझनीनने तो नगरला पाठवून तपासून घ्यायचं ठरवलं आहे. मी खालच्या पंख्याचा पट्टा बदलला, डँपर, म्हणजे हवेची झडप, साफ केला, अल्लाबक्षला इंधन पातळ पसर म्हणून ओरडलो.


३ नोव्हेंबर, सोमवार

मीटर बरोबर आहे म्हणे.

दुपारी पुष्पाचा फोन. "दादा, मशीन तापलं का गोठ्यात येतो तसला वास सुटतोय बग. लई झोंबतंय. भागूबाईचं डोळं लाल झाल्यात, सारखं पानी येतंय."

मी म्हणालो शटर उघडी ठेवा, तोंडाला ओलं फडकं बांधा. पाचट ओलं असेल, कुजलं असेल. दिवाळीत पाऊस झाला होता तिकडे.

"आकडा काय म्हनतोय?" तिने विचारलं.

"उतरंल. मात्रा कमी पडतीय. एका गाडीला दोन गोण्या करा."

पिकाचंही तसंच असतं. पहिल्या हप्त्याने पात हलली नाही तर दुसरा हप्ता द्यावा लागतो. फोन ठेवल्यावर अल्लाबक्षने विचारलं, कसल्या गोण्या? मी म्हणालो, कांद्याच्या.


११ नोव्हेंबर, मंगळवार

पाचशे साठ.

नाझनीन डोक्याला हात लावून बसली. तिने सगळी यादी काढली. हवा तीच, वाफ तीच, तापमान तेच, बॉयलर तोच. "काका, आग अचानक तापली असती तर मी हवेतल्या नायट्रोजनवर संशय घेतला असता. पण तसंही नाही. पंधरा-वीस दिवसांत काय बदललं? आठवून सांगा. काहीही. इंधनात काही?"

"काही नाही," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. का म्हणालो ते मला नीट सांगता येत नाही. औषध लागू पडायच्या आधी सांगितलं तर हसतील, असं वाटलं. आणि मनाईचंही होतंच. ती माझ्याकडे बघून "बरं" म्हणाली आणि ब्रिकेटचे चार तुकडे पिशवीत घालून घेऊन गेली.


१२ नोव्हेंबर, बुधवार

झोप नाही. आकडा वर का जातो? औषधाने आजार वाढतो का?


१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुण्याच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला. नाझनीनकडे उन्हाळ्यातल्या ब्रिकेटचा जुना रिपोर्ट होता, त्यात नायट्रोजन शंभरात अर्ध्याहून थोडा जास्त. आताच्या ब्रिकेटमध्ये दीड. अडीच पट.

ती मला म्हणाली, "काका, इंधनात नत्र वाढलं की नॉक्स वाढणारच. पण पाचटात एवढं नत्र येईल कुठून? कुणीतरी काहीतरी मिसळतंय."

मी खुर्चीवर बसून राहिलो. साहेबांनी पुष्पाला परवा बोलावलंय.

संध्याकाळी तिला फोन केला. म्हणालो, पुष्पे, युरिया थांबव. ती म्हणाली, "कालच थांबीवला. भागूबाईला दवाखान्यात न्येलं व्हतं. डागदर म्हनला वास डोळ्यात ग्येलाय, औषध घाला आनि त्या मशीनकडं जाऊ नका." मग म्हणाली, "परवा येते मी. तू काळजी करू नगंस." काळजी तिची मी करायची, की माझी तिने?


२० नोव्हेंबर, गुरुवार

हे लिहायला बसलो आणि दोनदा वही मिटली.

पुष्पा इस्त्रीची साडी नेसून आली होती. केबिनमध्ये साहेब, नाझनीन, मी. साहेबांनी रिपोर्ट पुढे सरकवला. "ताई, तुमच्या मालात भेसळ आहे."

ती रिपोर्टकडे बघितल्यासारखं करून म्हणाली, "भेसळ न्हाई साहेब. युरिया टाकला व्हता."

"युरिया? ब्रिकेटमध्ये? कुणी सांगितलं तुम्हाला?"

लॉगबुक काखेत होतं, ते घट्ट धरलं. आता ती माझ्याकडे बघेल, असं वाटलं. तिने बघितलं नाही.

"कुनी न्हाई. मलाच वाटलं, पिकाला चालतं तर आगीला बी चालंल."

साहेब हसले, मग हसायचे थांबले. "ताई, तुमच्या या हुशारीमुळे माझा कारखाना बंद पडला असता. आजपासून तुमचा माल नको." नाझनीन माझ्याकडे बघत होती. मी फरशीकडे बघत होतो. साहेबांनी विचारलं, "बन्सी, तुझ्या बहिणीने असं केलं, तुला काही माहीत नव्हतं?" आणि मी मान हलवली. कशी हलवली तेही मला आठवत नाही. हो म्हणून की नाही म्हणून, त्यांनी पाहिजे तो अर्थ घेतला.

गेटपर्यंत सोडायला गेलो. म्हणालो, "पुष्पे, माझं नाव का न्हाई घेतलंस?"

ती म्हणाली, "भावानं ओवाळणीत काय घातलं ते परक्याफुडं सांगत्यात व्हय?"

आणि हसली. मग पदराने तोंड पुसलं आणि टेम्पोत चढली, कारण भागूबाईला चारच्या आत दवाखान्यात न्यायचं होतं.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी सातला नाझनीनची वाट बघत लॅबच्या पायरीवर बसलो. ती आल्यावर एकच प्रश्न विचारला. तो पुण्याचा माणूस म्हणाला युरियाने नॉक्स निम्मा होतो. खोटं बोलला का?

"नाही काका. खरं बोलला. पण तो युरियाचं पाणी आगीत घालत नाही. आग संपते त्याच्यावर, जिथे नुसता गरम धूर असतो, साधारण नऊशे-हजार अंशांचा, तिथे फवारतो. तिथे युरियाचा अमोनिया होतो आणि तो आधीच झालेल्या नॉक्सला धरून साधा नायट्रोजन करतो. तोच युरिया इंधनात घातला तर तो जाळीवरच्या आगीतून, भरपूर हवेतून जातो. तिथे त्याचाच नॉक्स होतो. औषध तेच, पण पोटात घ्यायचं की जखमेवर लावायचं, यात फरक असतो ना."

मी दारातून ऐकलेलं अर्धंच होतं. उरलेलं अर्धं ऐकायला मी साहेबांच्या दारात आणखी दोन मिनिटं उभं राहायला हवं होतं, किंवा हिला एक प्रश्न विचारायला हवा होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. त्यात एका बाईचे डोळे गेले असते.

तिथेच लॉगबुक उघडलं. रकाना नव्हताच. प्रेशर आणि पाण्याच्या रकान्यांवरून आडवं लिहिलं:

"ता. २३ ऑक्टोबरपासून ता. १७ नोव्हेंबरपर्यंत ब्रिकेटमध्ये युरिया होता. तो माझ्या सांगण्यावरून घातला. पुष्पावतीचा त्यात दोष नाही. ता. ११ नोव्हेंबरला मला विचारलं तेव्हा मी काही नाही म्हणालो, ते खोटं होतं. बन्सी, बॉयलर अटेंडंट."

नाझनीनने वाचलं. म्हणाली, "काका, हे खोडता येणार नाही."

"म्हणून तर पेनानं लिहिलंय, बाळ."

मग लॉगबुक घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचलं आणि एवढंच म्हणाले, "काल का नाही बोललास?" मी लॉगबुक त्यांच्या टेबलावर ठेवून बाहेर आलो.


२४ नोव्हेंबर, सोमवार

निकाल लागला. मला बॉयलरवरून काढलं. नोकरी ठेवली, इंधनाच्या यार्डात. आलेला माल तपासायचा, मोजायचा, नोंद करायची. बॉयलरवर शिरूरहून तात्पुरता माणूस आणलाय. अल्लाबक्ष दुपारी डबा घेऊन यार्डात आला आणि न बोलता माझ्याशेजारी जेवला. जाताना म्हणाला, "त्यो नवा मानूस लई बोलतो राव."

पुष्पाला एक संधी मिळाली आहे, नाझनीनच्या शब्दावर. तपासणीपर्यंत माल घेणार. पास झालो तर पुढेही. अट एवढीच की युरिया नाही आणि सोयाबीनचा भुसाही नाही. नाझनीनने जुने रिपोर्ट लावून बघितले. तीनशे चाळीसचं मूळ त्या भुशातच होतं, आमच्याकडे यंदा तो जास्त येत होता. सोयाबीन मुळांवरच्या गाठींत नत्र धरतं, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. रानात दरवर्षी बघतो. तेच नत्र भुशातून माझ्या आगीत येत होतं आणि मी हवेला, मीटरला, अल्लाबक्षला दोष देत बसलो.

वरच्या हवेची नोझल बसली. लांबून बघतो. बॉयलरच्या दारात जायला मला मनाई नाही, पण पाय उचलत नाही.


४ डिसेंबर, गुरुवार

आज मंडळाची माणसं आली. सकाळपासून चिमणीकडे बघत यार्डात उभा होतो. पहिली पाच मिनिटं करडा धूर आला, मग वरची हवा सुरू झाली आणि आभाळ मोकळं झालं. खाली उपाशी, वर पोटभर. मला अजून पूर्ण कळलेलं नाही, पण आता कळलं नाही तर विचारतो.

दुपारी नाझनीनचा फोन आला. दोनशे एकाहत्तर. मी खाली ब्रिकेटच्या ढिगावरच बसलो. अल्लाबक्ष फाटकातून ओरडला, "पास झालो का न्हाई?" मी दोन्ही हात वर केले.

चारला बेलापूरचा टेम्पो आला. पुढे ड्रायव्हरशेजारी पुष्पा. तिला बातमी सांगितली तर ती एकदम रडायला लागली. केबिनमध्ये रडली नव्हती, गेटवर रडली नव्हती. मग नाक ओढत म्हणाली, "भागूबाईचं डोळं निवळल्यात. पर मशीनवर बसनार न्हाई म्हनती. आनि म्हनती, तुझ्या दादाला सांग, आता कांद्याला बी लांबूनच युरिया टाक." दोघंही हसलो.

मी एक ब्रिकेट मोडली, नाकाशी नेली. वाळक्या उसाच्या पाचटाचा वास, दुसरं काही नाही. तरी दुसरी मोडली, तिसरी मोडली. पुष्पा कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "भैनीवर भरवसा न्हाई व्हय?"

"बहिणीवर हाय," मी म्हणालो.

लॉगबुकात आता एक नवा रकाना आहे. नाझनीनने छापून घेतला. इंधनात काय मिसळलं आहे. खाली दोन सह्या, आणणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. मी पेन काढलं आणि लिहिलं, काही नाही. हेच दोन शब्द अकरा नोव्हेंबरला मी तोंडाने म्हणालो होतो. पुष्पाने खाली सही केली, मग वही माझ्याकडे सरकवली, आणि मी माझी केली.